साथीची पहिली बातमी



२०२५ च्या जानेवारीत छिंदवाडा शहरातली काही पाळीव मांजरे आजारी पडून मरू लागली. एरवी मांजर मेले तर घरातली पोरे दोन दिवस हिरमुसतात आणि गोष्ट तिथेच संपते. या वेळी ती संपली नाही. मेलेल्या मांजरांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि त्यांत एच५एन१ हा विषाणू निघाला. हाच बर्ड फ्लूचा विषाणू. मग मांसबाजारातल्या दुकानांची तपासणी झाली, कोंबडीबाजार काही काळ बंद राहिला, पक्षी मारून पुरले गेले, अंडी नष्ट केली गेली. संपर्कात आलेल्या माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे रवाना झाले. त्यांत हा विषाणू आढळला नाही. भारतात पाळीव मांजरांमध्ये हा विषाणू सापडल्याची ही पहिली नोंद मानली जाते आणि ती आता जगभरचे शास्त्रज्ञ वाचतात.

पांढुर्णा आणि सौंसर २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत याच छिंदवाडा जिल्ह्यात होते. तेव्हा ही गोष्ट आपल्या घरचीच म्हणायला हरकत नाही. प्रश्न असा की, छिंदवाड्याचे मांजर जगाच्या नोंदीत गेले कसे? जगात कुठे कोणती साथ उठली हे जिनिव्हात बसलेल्या जागतिक आरोग्य संघटनेला कळते कसे? आणि त्या साखळीत तुमची-माझी जागा कोणती? या लेखात एवढेच समजून घ्यायचे आहे.

उंदीर पडले की गाव सोडायचे

आपल्या जुन्या माणसांना साथीची पाळत ठेवणे नवे नव्हते. त्यांच्या बोलीतच त्या साथी जिवंत आहेत. पटकी, देवी, गाठीचा ताप, मानमोडी हे शब्द ज्यांनी ऐकले ती पिढी आता थोडी उरली, पण गावाच्या शिवेवरची मरीमाय अजून जागेवर आहे. प्लेगच्या दिवसांत तर प्रत्येक घराला एक खूण ठाऊक होती. घरात उंदीर पडू लागले, म्हणजे आपसूक मरून पडू लागले, की घर सोडायचे आणि शेतात झोपड्या बांधून राहायचे. या खुणेमागे खरे विज्ञान होते. प्लेग आधी उंदरांना होतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे रक्त शोधतात आणि माणसावर येतात. म्हणजे उंदराचे मरण ही माणसाच्या मरणाआधीची सूचना होती. पूर्वी उंदीर पडत, आता मांजरे मेली. सूचना देण्याची तऱ्हा तीच राहिली.

सरकारी पाळतही होती. मध्य प्रांतात गावाचा कोटवार जन्म-मृत्यूची नोंद ठेवी आणि ठरल्या दिवशी ठाण्यावर जाऊन ती लिहवून येई. कोटवार काही वैद्य नव्हता. ताप, पटकी, देवी एवढीच मरणाची कारणे त्याला सांगता येत. तरी कोणत्या गावात अचानक मरणे वाढली, हे त्या कच्च्या नोंदीतून वरच्या अधिकाऱ्याला दिसत असे. आजची सारी यंत्रणा याच दोन गोष्टींवर उभी आहे. काहीतरी वेगळे घडते आहे हे कोणाच्या तरी लक्षात येणे, ही पहिली गोष्ट. आणि ते वेळेवर वर पोहोचणे, ही दुसरी.

बातमी लपते का?

यातली दुसरी गोष्ट नेहमीच अवघड गेली आहे, कारण साथीची बातमी महाग पडते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी हा बंदराला लागून असलेल्या धान्याच्या वखारींचा भाग. प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दार लावणार, हे उघड होते. म्हणून अधिकाऱ्यांनी सुरुवातीला हा शब्द फार जपून वापरला. पुढचे आपण जाणतोच. १८९७ चा साथरोग कायदा आला, पुण्यात घरझडत्या झाल्या, रँडचा खून झाला. रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्लेगनेच गेल्या.

त्याच वर्षी व्हेनिसला फक्त प्लेगचा विचार करण्यासाठी राष्ट्रांची परिषद भरली. अशा परिषदा १८५१ पासून भरत होत्या. पहिली पॅरिसला बारा राष्ट्रांची झाली. त्यांची खरी चिंता पूर्वेकडून येणारा रोग युरोपच्या बंदरात उतरू नये आणि तरी व्यापार थांबू नये, ही होती. मुंबईतल्या मजुराचा जीव त्या चिंतेत फारसा बसत नव्हता. जागतिक पाळतीचा जन्म असा झाला, हे विसरून चालणार नाही. बातमी देणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते आणि फायदा दुसऱ्याला होतो, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली आणि १९५१ मध्ये तिने सर्व देशांसाठी एकच नियमावली केली. सहा रोगांची यादी होती. त्यांतला एखादा आढळला तर कळवायचे. पुढे ही यादी आखडत पटकी, प्लेग आणि पीतज्वर या तीनच रोगांवर आली. ही व्यवस्था किती तोकडी होती हे आपल्याच मुलखात उघडे पडले.

१९९३ च्या सप्टेंबरअखेर किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले आणि पिसवांचा उपद्रव सुरू झाला. नंतर गाठीच्या तापाचे रोगी दिसू लागले. सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसे गाड्या भरून शहर सोडून गेली. अनेक देशांनी भारताची विमाने अडवली, भारतीय माल नाकारला. देशभरात दगावलेल्यांचा सरकारी आकडा पन्नासच्या आसपास राहिला. भीतीने झालेले नुकसान त्याच्या कित्येक पट होते. भारताने रोग कळवला आणि शिक्षा भोगली. पुढच्या वेळी कोणता देश आपण होऊन कळवील? हा प्रश्न साऱ्या जगापुढे उभा राहिला आणि १९९५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने नियमावली नव्याने लिहायचे ठरवले. २००३ मध्ये सार्स आला, त्याने या कामाला घाई लावली. २००५ मध्ये नवी नियमावली मंजूर झाली आणि १५ जून २००७ पासून लागू झाली.

आजचे चार प्रश्न

या नव्या नियमावलीने रोगांच्या यादीवरचा भर काढून टाकला. देवी, पोलिओ, सार्स आणि माणसात आलेला नव्या प्रकारचा फ्लू, या चार गोष्टींचा एक रोगी आढळला तरी तो कळवावाच लागतो. बाकी कोणत्याही घटनेला चार प्रश्न विचारायचे. घटना गंभीर आहे का? ती अनपेक्षित किंवा चमत्कारिक आहे का? ती दुसऱ्या देशात पसरण्याचा धोका आहे का? तिच्यामुळे प्रवास-व्यापारावर बंधने येण्याचा संभव आहे का? यांतल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'होय' आले की जगाला कळवायचे. माहिती हाती आल्यावर तपासायला अठ्ठेचाळीस तास आणि कळवायचे ठरल्यावर चोवीस तास, एवढीच मुदत. दुसरी महत्त्वाची सुधारणा अशी की, जागतिक आरोग्य संघटनेला आता सरकारच्या पत्राची वाट पाहावी लागत नाही. वर्तमानपत्रे, संकेतस्थळे, स्थानिक बातम्या अनेक भाषांतून चाळणारी यंत्रणा तिच्याकडे आहे. एखाद्या गावात कारण न कळता मुले दगावल्याची चार ओळींची बातमीही तिच्या नजरेत येऊ शकते. मग ती त्या देशाला विचारते, आणि देशाला चोवीस तासांत पहिले उत्तर द्यावे लागते. तिसरी गोष्ट, केवळ भीतीपोटी कोणी विमाने आणि माल अडवू नये, शास्त्रीय कारण द्यावे, असेही नियमात लिहिले आहे. करोनाच्या काळात हे किती देशांनी पाळले ते आपण पाहिलेच. जिनिव्हाकडे पोलीस नाहीत. तिची सारी ताकद देश खरे सांगतील या भरवशावर आहे.

आणि देश तरी कुठून सांगणार? दिल्लीला कोणाचा ताप मोजता येत नाही. तो मोजतात आपल्या उपकेंद्रातली एएनएम ताई आणि दारोदार फिरणारी आशा.

भारतात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. त्यात तीन प्रकारचे नमुने भरले जातात. उपकेंद्रावरची कार्यकर्ती रोगाचे नाव सांगत नाही, लक्षण लिहिते: ताप, ताप आणि पुरळ, जुलाब, कावीळ, अचानक आलेले लुळेपण, किंवा काहीतरी विचित्र. दवाखान्यातला डॉक्टर त्याला वाटणारे निदान लिहितो. प्रयोगशाळा तपासणीत सिद्ध झालेला रोग लिहिते. पूर्वी हे कागदावर आठवड्याने जाई. आता २०२१ पासून देशभर संगणकावर, रोजच्या रोज भरण्याची सोय आहे. जिल्ह्याची सर्वेक्षण शाखा ते पाहते, तिथून भोपाळ, तिथून दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र. जगाशी बोलण्याची भारताची अधिकृत खिडकी तेच केंद्र आहे.

यातली युक्ती साधी आहे. समजा, एखाद्या गावात पावसाळ्यात आठवड्याला दोन-तीन जुलाबाचे रोगी असतातच. या आठवड्यात ते अकरा झाले, आणि त्यांतले नऊ एकाच विहिरीचे पाणी पिणारे. एकट्या डॉक्टरला यातले तीन दिसतील, औषध देऊन तो मोकळा होईल. अकराचा आकडा फक्त नोंदवहीला दिसतो. रोज्याची वही आणि शेजारच्या गावाची वही शेजारी ठेवली की विहीर सापडते. म्हणून पाळत म्हणजे फार करून मोजणे आणि नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहणे.

जनावरांची साखळी वेगळी आहे. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने भोपाळला जातात, आणि तिथून बातमी पॅरिसच्या जागतिक पशु आरोग्य संघटनेकडे जाते. भारतात कोंबड्यांमधला एच५एन१ पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. बातमी दिली की कोंबड्या मारल्या जाणार, हे पाळणाऱ्याला माहीत असते. म्हणून मारलेल्या पक्ष्यांची भरपाई देण्याची तरतूद आहे. ही भरपाई दया म्हणून दिलेली नसते, खरी बातमी वेळेवर मिळावी म्हणून मोजलेली ती किंमत असते. ती वेळेवर आणि पुरती मिळाली नाही तर पुढच्या वेळी मेलेली कोंबडी रात्रीतून नाल्यात जाते आणि यंत्रणा आंधळी होते.

नागपूरकडचे एक नाव

जागतिक नोंदीत आपल्या भागाचे आणखी एक नाव आहे. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ होती. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी रोग्यांचे रक्त तपासले, तेव्हा दोघांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू मिळाला. त्याला त्या वस्तीचे नाव मिळाले: चांदीपुरा. पुढे कित्येक वर्षे तो फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूच्या तापाने ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ गेली. मागे हाच विषाणू होता. २००७ मध्ये तो नागपूर विभागातल्या मुलांमध्ये परत दिसला. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत भारतात मेंदूच्या तापाचे २४५ रोगी आणि ८२ मृत्यू झाले. त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध झाला, बहुतेक गुजरातेतले. २३ ऑगस्ट २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ते साऱ्या जगाला कळवले. तीन रोगांच्या जुन्या यादीत हा ताप कधीच बसला नसता. चार प्रश्नांच्या चाळणीत तो अडकला.

हा विषाणू पसरवते ती वाळूमाशी डासाहूनही लहान असते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातली ओल, शेणाचा उकिरडा ही तिची जागा. लहान मुलाला सकाळी ताप आला, उलट्या झाल्या, झटके आले, तर एक-दोन दिवसांत सारे संपू शकते. यावर खास औषध नाही, लस नाही. मूल लवकर मोठ्या दवाखान्यात नेणे आणि भिंती लिंपून, गोठा कोरडा ठेवून माशी कमी करणे, एवढेच हातात आहे. पावसाळ्यात झटके आलेल्या मुलाला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात गेलेला एक प्रहरसुद्धा फार मोठा असतो.

गावाचे नाव रोगाला मिळाले की गावाला डाग लागतो. म्हणून २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की नव्या रोगाला गावाचे, देशाचे, जमातीचे नाव देऊ नये. कारण पुन्हा तेच: बदनामी होणार असेल तर पुढचे गाव गप्प बसेल.

शिवेवरचा माणूस

आता आपल्या खास अडचणीकडे येऊ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले, आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. कागद भोपाळला जातो. पण दुखणे नागपूरला जाते. पांढुर्ण्याचा, सौंसरचा गंभीर रोगी कुठे नेतात हे तुम्हाला सांगायला नको. आजारी पडतो तो मध्य प्रदेशात, सापडतो महाराष्ट्रात. आपल्या उपकेंद्राच्या वहीत तो नसतो, कारण तिथे तो गेलाच नाही. नागपूरच्या दवाखान्यात पत्ता म्हणून जर तिथल्या भाच्याचे घर लिहिले, तर रोगही नागपूरचाच ठरतो. डास किंवा विहीर इकडे, धूर-फवारणी तिकडे.

ही शंका कल्पनेतली नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेरपासून परासिया भागातली लहान मुले साध्या सर्दी-तापानंतर लघवी बंद होऊन दगावू लागली. आधी साथीचाच संशय आला. पाण्याचे, डासांचे, रक्ताचे नमुने तपासले गेले, पुण्यापर्यंत गेले. अनेक मुलांवर उपचार नागपूरला चालू होते, आणि तिथल्या तपासणीतच मूत्रपिंडाला विषाने इजा झाल्याचे दिसले. तामिळनाडूच्या औषध विभागाने तिथे बनलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८ टक्क्यांहून अधिक असल्याचे सांगितले. १३ ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांबद्दल जगाला इशारा दिला. तोवर वीसहून अधिक बालके गेली होती.

हा संसर्ग नव्हता, तरी साथीच्या पाळतीनेच तो उलगडायचा होता. एकेका घरासाठी एक दुर्दैव, एकेका डॉक्टरसाठी एक रोगी. ही सारी मुले एकाच तालुक्याच्या आसपासची आहेत आणि सर्वांनी एकच बाटली घेतली आहे, हे नावे, पत्ते आणि तारखा शेजारी ठेवल्यावरच कळते. ते चार दिवस आधी कळले असते तर किती घरचे दिवे राहिले असते, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यांनी विसरू नये.

आपल्या हातात काय

म्हणून शेवटी काही साध्या गोष्टी सांगतो. नागपूरला रोगी नेला तर पत्ता गावाचाच सांगा, वस्तीसकट. ताप कोणत्या तारखेला आला, त्याआधी कुठे गेलो होतो, कोणते औषध घेतले, हे कागदावर लिहून न्या आणि औषधाची रिकामी बाटली फेकू नका. परत आल्यावर निदान काय निघाले ते गावच्या आशाताईला किंवा एएनएम ताईला सांगा. एरवी शिवेपलीकडे सापडलेला रोग इकडच्या वहीत यायला फार वेळ लागतो. कोंबड्या, कावळे, मांजरे, उंदीर एकाएकी मरू लागले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि मोबाइलवर फिरणारी घाबरवणारी बातमी पुढे ढकलण्याआधी ती त्या ताईलाच विचारा. जे दहा हजार लोकांना कळवले आणि तिला कळवले नाही, ते अजून कुठेच नोंदलेले नसते.

सर्वांत अवघड गोष्ट मनाची आहे. ज्या घरात रोगी निघाला त्या घरावर बोट ठेवू नका. करोनात आपल्याच गल्लीतले दार बंद झाले तेव्हा आपण कसे वागलो, हे प्रत्येकाला आठवत असेल. ज्याला बोलल्याची शिक्षा झाली तो पुढच्या वेळी बोलत नाही. १८९६ ची मुंबई, १९९४ ची सुरत आणि आपली गल्ली यांत या बाबतीत काहीच फरक नाही.

जिनिव्हातल्या पडद्यावर जो ठिपका उमटतो त्याची सुरुवात कोणाच्या तरी अंगणात होते. आपल्या आजोबांनी उंदीर पाहिले आणि गाव वेळेवर हलवले. कोटवार ऊन-पावसात चालत ठाण्यावर गेला. छिंदवाड्यात कोणीतरी मेलेल्या मांजराकडे दुर्लक्ष केले नाही. पुढची बातमी कदाचित पांढुर्ण्याच्या एखाद्या वस्तीतून किंवा सौंसरच्या एखाद्या गोठ्यातून निघेल. ती वेळेवर निघावी, खरी निघावी, आणि ती देणाऱ्याच्या पाठीशी आपण सारे उभे असावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.